मिरीचा वेल मरू नये म्हणून : पावसाआधीची आणि पावसातली राखण



रेडिओवर सल्ला ऐकताना ग्रॅम-लिटरची मापे लक्षात राहत नाहीत, ही तुमची तक्रार रास्त आहे. कागद-पेन्सिल सापडेपर्यंत बोलणारा पुढे गेलेला असतो. म्हणून हे पत्रक. पडवीत खुंटीला अडकवून ठेवा आणि लागेल तेव्हा काढून बघा.

परसात द्राक्षाचा वेल लावला तर त्याची कीड-रोगापासून राखण कशी करावी, असे काही श्रोते विचारतात. त्याचे उत्तर आधी देतो. द्राक्षाला कोरडी हवा लागते. नाशिक-सांगलीकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतात, म्हणजे घड कोरड्या दिवसांत भरतो. तरीसुद्धा अवेळी पाऊस झाला आणि पानावर केवडा आला, म्हणजे घाटावरचे शेतकरी ज्याला डाऊनी म्हणतात तो रोग आला, की तिथल्या बागायतदाराची झोप उडते. आपल्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर वेलाचे पान सुकतच नाही. हौस म्हणून मांडवावर एखादा वेल चढवायला हरकत नाही; पण त्याच्यावर घरखर्चाचा भरवसा ठेवू नये.

कोकणातल्या परसाचा खरा वेल मिरीचा. माड, पोफळ, आंबा, फणस, पांगारा, ज्याचा आधार मिळेल त्यावर तो चढतो. त्याला वेगळी जागा लागत नाही, तिसऱ्या वर्षापासून घोस धरू लागतो, सात-आठ वर्षांचा झाला की भरात येतो आणि नीट राखला तर वीस-पंचवीस वर्षे टिकतो. नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी अशी मसाल्याची झाडे घेण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने लोकांपुढे ठेवली, तेव्हापासून आपल्या आगरात मिरीचे वेल वाढले. पण वेल वाढले तसे मरूही लागले.

भरलेला वेल पंधरा दिवसांत का जातो?

तक्रार बहुतेक सगळीकडे एकच असते. "काल-परवापर्यंत वेल हिरवागार होता. घोस लागले होते. जुलै-ऑगस्टमध्ये पाने गळायला लागली आणि गणपती येईपर्यंत नुसत्या काड्या उरल्या." कोणी म्हणतो वीज पडली, कोणी म्हणतो दृष्ट लागली. यातले काहीच नसते. हा जलद मर रोग होय. कोणी त्याला खोडकूज म्हणतात.

हा रोग फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जिवामुळे होतो. या नावाचा अर्थच मुळी ‘झाडाचा नाश करणारा’. आपल्या पोफळीवरचा कोळे रोग याच कुळातला. १८४५ साली आयर्लंड देशात बटाट्याचे पीक कुजून मोठा दुष्काळ पडला, तोही याच्याच एका भावंडाने. आणि द्राक्षावरचा केवडा हा या सगळ्यांचा चुलतभाऊ.

त्याची राहणी समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप समजेल. उन्हाळ्यात तो मातीत, मेलेल्या मुळांत आणि कुजलेल्या पाल्यात निजून असतो. पाऊस सुरू झाला, माती भिजली, हवा थंड-दमट झाली की जागा होतो. त्याची बीजे पाण्यात पोहू शकतात. एका आळ्यातले पाणी वाहत दुसऱ्या आळ्यात गेले की बीज तिकडे पोहोचते. पावसाचा थेंब मातीवर आपटून चिखल उडाला की बीज खालच्या पानावर बसते. तुमच्या पायाला लागलेला चिखल, कुदळ-कोयता, गोगलगाई, हीसुद्धा त्याची वाहने आहेत.

मिरीची अन्न घेणारी मुळे उथळ असतात. बुंधा मातीशी टेकतो तिथली साल कोवळी आणि सदा ओली. तिथेच हा पहिला घाव घालतो. साल काळी पडते, कुजते आणि वर जाणारे पाणी तुटते. वरची पाने सुकलेली तुम्हाला दिसतात तेव्हा खालचे काम संपून गेलेले असते. म्हणून ही एक गोष्ट पक्की ध्यानात धरा: पाने गळायला लागल्यावर धावपळ करून वेल सहसा वाचत नाही. वेल वाचतो तो मे महिन्यात आणि पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात.

आधी ओळख, मग औषध

वेल खराब दिसला की दुकानात जाऊन "मिरीवरचं औषध द्या" असे म्हणू नका. मिरीच्या चार मुख्य तक्रारी आहेत. चौघींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे.

(१) पावसाळ्यात पानांवर काळे, ओलसर ठिपके पडतात, ते झपाट्याने वाढतात आणि कडेला झालरीसारखे पसरतात. पाने व घोस गळतात, बुंध्याशी साल काळी व मऊ लागते. हा जलद मर.

(२) पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरपासून, पाने हळूहळू पिवळी पडतात. वेल एकदम मरत नाही. पुढच्या पावसात थोडा हिरवा होतो, पुन्हा हिवाळ्यात पिवळा पडतो आणि दोन-तीन वर्षांत झिजून जातो. ही सावकाश मर. हिचे मूळ जमिनीत, मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींत असते; पुष्कळदा वर सांगितलेला फायटोप्थोराही त्यांच्या जोडीला असतो.

(३) घोस चांगले दिसतात, पण काही मणी काळपट आणि वजनाला हलके. दोन बोटांत दाबला की मणी चुरतो, आत गर नाही. हे पोल्लू भुंगेऱ्याचे काम. मल्याळी भाषेत पोल्लू म्हणजे पोकळ.

(४) कोवळा शेंडा काळा पडून सुकतो. हा शेंडा पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव असेल किंवा जलद मर असेल. ओळखायची साधी खूण आहे: शेंडा तोडून नखाने उभा चिरा. आत पोकळी, विष्ठा किंवा बारीक अळी दिसली तर कीड समजा. आत नुसता काळा, ओला कुजका भाग दिसला तर रोग.

आता एकेक काम क्रमाने घेऊ.

मे महिन्यातली कामे

यातल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही, कोयता आणि दोन सकाळी लागतात.

आधाराच्या झाडाच्या फांद्या विरळ करा. पांगारा, आंबा किंवा फणस फार दाट झाला असेल तर पावसाआधी छाटा. पान ओले राहण्याचा वेळ जितका कमी, तितका रोग कमी. पन्नियूर-१ जातीला तर दाट सावली मुळीच मानवत नाही. मात्र सगळी सावली काढून वेल उघडा-बोडका करू नका. कडक उन्हानेही तो पिवळा पडतो.

जमिनीवर लोळणारे धुमारे काढा किंवा वर बांधून घ्या. बुंध्यापासून फुटून जमिनीवर पसरलेला धुमारा म्हणजे रोगाला वर चढण्यासाठी लावलेली शिडीच. जमिनीला टेकणारी खालची पानेही काढा.

पाणी निघून जाण्याची वाट करा. पावसाचे पाणी आळ्यात साचू देऊ नका. उन्हाळ्यात केलेले खोलगट आळे पावसाआधी मातीने भरून बुंध्याशी थोडी उंच भर द्या, म्हणजे पाणी बाहेरच्या बाजूला उतरेल. माती ओढताना मुळे तोडू नका. उतारावरच्या परड्यात वरच्या अंगाने आडवा चर काढा. घराच्या पागोळीखाली वेल असेल तर छपराचे पाणी थेट बुंध्यावर पडते. तिथे पन्हळ लावून ते दुसरीकडे वळवा. शिंपण्याचा पाटही बुंध्याला चिकटून नेऊ नका.

पालापाचोळ्याचे आच्छादन करा, म्हणजे थेंबाने चिखल उडून पानांवर बसणार नाही. फक्त बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. आणि गेल्या वर्षी मेलेल्या वेलाचा पाला आच्छादनाला कधीही वापरू नका.

बोर्डो मिश्रण : चोरासाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला

मिरीसाठी सर्वांत भरवशाचे आणि घरी करता येणारे औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. त्याचा जन्म द्राक्षाच्या मळ्यातला. फ्रान्स देशात बोर्डो नावाचा द्राक्षाचा मुलूख आहे. तिथे १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून केवडा रोग आला आणि मळे उजाड होऊ लागले. रस्त्याकडेचे घड वाटसरू तोडून नेत, म्हणून मळेवाले रस्त्यालगतच्या वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवत. निळे-पांढरे डाग बघून माणूस हात लावायला भ्यायचा. बोर्डोच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे अध्यापक मिलार्दे यांनी १८८२ साली पाहिले की आतले वेल रोगाने झडले, पण रस्त्याकडेचे हे शिंपडलेले वेल हिरवे आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली हे मिश्रण जाहीर केले. पुढे म्हैसूर संस्थानात कोलमन नावाच्या शास्त्रज्ञांनी पोफळीच्या कोळे रोगावर ते वापरून दाखवले. द्राक्षावरचा रोग, पोफळीवरचा रोग आणि मिरीवरचा रोग एकाच भावकीतले, म्हणून तिघांवर औषधही एकच चालते.

हे मिश्रण काम कसे करते? पानावर तांब्याचा पातळ थर बसतो. रोगाचे बीज त्यावर पडले की रुजायच्या आधीच मरते. पण बीज रुजून पानाच्या आत शिरले, तर हा थर त्याला काही करू शकत नाही. म्हणजे बोर्डो हे दाराला लावलेले कुलूप आहे. चोर घरात शिरल्यावर कुलूप लावून काय उपयोग?

*फवारणीसाठी १ टक्का मिश्रण, १० लिटर*

मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १० लिटर.

१. मोरचूद वाटून, कापडात बांधून आदल्या रात्री ५ लिटर पाण्यात टांगून ठेवा. सकाळपर्यंत विरघळतो.

२. दुसऱ्या भांड्यात चुना थोडे थोडे पाणी घालून विरवा, मग ५ लिटर पाणी करा. थंड झाल्यावर फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर पंपाची तोटी बुजते.

३. मोरचुदाचे पाणी बारीक धारेने चुन्याच्या पाण्यात ओता आणि लाकडी काठीने सारखे ढवळत राहा. चुना मोरचुदात ओतू नका. आकाशी निळे मिश्रण तयार होईल.

४. परीक्षा घ्या. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा सुरीचे पाते मिश्रणात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे. असे मिश्रण पाने जाळते. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा बघा. पाते होते तसे निघाले की मिश्रण तयार.

भांडी मातीची, लाकडी किंवा प्लॅस्टिकची घ्या. लोखंडाची बालदी आणि पत्र्याचा डबा नको, मोरचूद त्यांना खातो. चुना ताजा हवा. हवेने भुगा झालेला जुना चुना वापरला तर सगळी मेहनत वाया. मिश्रण केल्या दिवशीच संपवा. त्यात दुसरे कोणतेही औषध मिसळू नका.

किती लागेल? वेलाच्या उंचीप्रमाणे एका वेलाला दोन ते तीन लिटर धरा. परड्यात आठ वेल असतील तर २० लिटर मिश्रण करा, म्हणजे मोरचूद २०० ग्रॅम आणि चुना २०० ग्रॅम. पानांच्या दोन्ही बाजू, घोस आणि बुंधा भिजेल असे फवारा. खालची चार-पाच हात उंची कधीही सुटू नये, रोग तिथूनच वर जातो.

केव्हा? पहिली फवारणी मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीस, पावसाचा जोर बसण्याआधी. दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, उघडीप मिळाली की. पहिल्या फवारणीनंतर लागलीच मुसळधार पाऊस पडून थर धुऊन गेला असेल, तर उघडीप बघून ती पुन्हा करा. घरी पोफळी असतील तर त्याच दिवशी त्यांच्या घोसांनाही मारून घ्या, म्हणजे एका मेहनतीत दोन पिके राखली जातात.

बुंध्याला मलम, आळ्यात औषध

*बोर्डो मलम.* १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळा विरवा आणि एकत्र कालवा. हे दाटसर मलम जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत बुंध्याला ब्रशने किंवा काथ्याच्या कुंचल्याने लावा. मेमध्ये, साल कोरडी असताना लावले तर चांगले धरते.

*आळ्यासाठी* दोन मार्ग आहेत. एका आळ्यात एका वेळी एकच मार्ग वापरा.

ज्या परड्यात आजवर मर आलेली नाही, तिथे ट्रायकोडर्मा वापरा. ही मित्रबुरशी आहे. ती रोगाच्या बुरशीला खाऊन जगते. १० किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळा, सावलीत पोत्याने झाकून साधारण पंधरा दिवस मुरू द्या, मधून एकदा खालीवर करा. पहिल्या पावसाने माती ओली झाली की हे खत वेलांच्या बुंध्याभोवती पसरून वर पाला घाला. सोबत वेलाला एक किलो निंबोळी पेंड दिली तर उत्तम.

ज्या परड्यात पूर्वी वेल मेले आहेत, तिथे १० लिटर पाण्यात २० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून दर वेलाला ५ ते १० लिटर द्रावण आळ्यात ओता. एकदा जूनच्या सुरुवातीस आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तांब्याचे औषध मित्रबुरशीलाही मारते. म्हणून अशा आळ्यात ट्रायकोडर्मा द्यायची तर पाऊस संपल्यावर, निदान पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने द्या.

भर पावसात काय करू नये

वेलाखाली कुदळ मारू नका. पावसात मूळ तुटले की जखमेवाटे रोग आत जातो. तण वाढले असेल तर विळ्याने वरचेवर कापा.

रोगट वेलाकडून निरोगी वेलाकडे जाऊ नका. फेरी मारायची तर निरोगी बाजूने सुरू करा आणि रोगट बाजूला संपवा. पाय आणि कोयता धुऊन मगच परत या.

रोगट पाने, गळलेले घोस गोळा करून परड्याबाहेर नेऊन जाळा. खताच्या खड्ड्यात टाकू नका आणि व्हाळातही टाकू नका. खाली दुसऱ्याचे आगर असते.

वेल मेला तर

दुःख होते, पण मेलेला वेल झाडावर ठेवू नका. मुळासकट काढून जाळा. त्या जागेची आणि शेजारच्या दोन-तीन वेलांच्या आळ्यांची माती वर दिलेल्या कॉपर ऑक्सिक्लोराइडने भिजवा. शेजारचे वेल वाचवायचे असतील तर हे काम त्याच दिवशी करा. त्याच खड्ड्यात लगेच नवे रोप लावू नका. निदान एक वर्ष खड्डा उन्हात तापू द्या.

नवे रोप लावताना शेजाऱ्याच्या परड्यातली फुकटची काडी घेण्याआधी त्याच्याकडे वेल मेले आहेत का, हे विचारा. अर्धा रोग काडीबरोबर आणि पिशवीतल्या मातीबरोबर घरी येतो. विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतले रोप दोन पैशांनी महाग पडले तरी परवडते.

पोकळ मणी आणि सुकलेले शेंडे

पोल्लू भुंगेरा हा ज्वारीच्या दाण्याहून लहान, काळा, उडी मारणारा किडा. मादी कोवळ्या मण्यात अंडे घालते, अळी आतला गर खाते आणि एक मणी पोकळ झाला की दुसऱ्यात शिरते. दाट सावलीच्या वेलावर याचा त्रास जास्त. म्हणजे मे महिन्यात फांद्या विरळ करण्याचे काम इथेही उपयोगी पडते.

मणी मोहरीएवढे झाले की ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन वेळा निंबोळीयुक्त औषध डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात फवारा. भुंगेरे पानांखाली आणि घोसांत लपतात, तेव्हा तोटी खालून वर धरा. घरी अर्क करायचा असेल तर अर्धा किलो सुकी निंबोळी कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी गाळून १० लिटर करा. आपल्याकडे कडुनिंबाची झाडे थोडी. घाटावरून निंबोळी आणवावी लागेल. हा अर्क त्याच दिवशी वापरा आणि बोर्डोबरोबर मिसळू नका.

शेंडा पोखरणारी अळी जुलै ते ऑक्टोबरमध्ये, विशेषतः लहान वेलांवर दिसते. सुकलेला शेंडा खालच्या दोन बोटे निरोगी भागासह तोडून जाळा. दहा-वीस वेलांच्या परसाला एवढे पुरते, औषध मारायची गरज नाही.

हिवाळ्यातला पिवळेपणा

सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. पिवळ्या वेलाची दोन-चार बारीक मुळे उकरून बघा. त्यांवर गाठी असतील किंवा मुळे तपकिरी होऊन कुजली असतील तर सूत्रकृमींचा संशय धरा. वेल थोडाच पिवळा असेल तर निंबोळी पेंड आणि शेणखत देऊन बघा. फारच खंगला असेल तर तो काढून टाकलेला बरा, नाहीतर त्याच्या मुळांवर किडीचा संसार वाढतो. मिरीची मुळे कुरतडणारे काही सूत्रकृमी केळीच्या मुळांवरही जगतात. तेव्हा अशा जागी वेलालगत केळी लावू नका.

प्रत्येक पिवळे पान म्हणजे रोग नव्हे, हेही सांगतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात, पाणी कमी पडल्यानेही पाने पिवळी होतात. आधी ओल बघा, मग मूळ बघा आणि मगच औषधाचा विचार करा.

वर्षाचे वेळापत्रक

*एप्रिल-मे :* फांद्या विरळ करणे, धुमारे काढणे, चर काढणे, बुंध्याला मलम, मोरचूद-चुना आणून ठेवणे.

*मेअखेर-जून :* पहिली बोर्डो फवारणी; आळ्यात ट्रायकोडर्मा किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड; आच्छादन.

*जुलै :* आठवड्यातून एक फेरी. बुंधा आणि खालची पाने बघणे. साचलेले पाणी काढणे.

*ऑगस्ट-सप्टेंबर :* दुसरी बोर्डो फवारणी, रोगाच्या जागी आळ्यात दुसऱ्यांदा औषध, भुंगेऱ्यासाठी निंबोळी.

*ऑक्टोबर-नोव्हेंबर :* निंबोळीची शेवटची फवारणी. पिवळ्या वेलांची मुळे तपासणे.

*डिसेंबर-फेब्रुवारी :* घोसातले एक-दोन मणी पिवळे-लाल झाले की तोडणी. हिरवी मिरी तीन किलो वाळवली की साधारण एक किलो काळी मिरी होते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : पाने गळायला लागली आहेत. आता काहीच करता येणार नाही का?*
उत्तर : बुंध्याची साल नखाने किंचित खरवडून बघा. आत हिरवी-पांढरी असेल आणि काळे ठिपके फक्त पानांवर असतील, तर रोगट पाने काढून उघडीप मिळताच बोर्डो फवारा आणि आळ्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड ओता. वेल वाचू शकतो. साल आतून काळी व मऊ असेल तर त्या वेलाची आशा सोडा आणि शेजारचे वेल वाचवा.

*प्रश्न : मोरचूद दुप्पट घातला तर पाऊस जास्त असला तरी टिकेल का?*
उत्तर : नाही. पाने जळतील आणि तांबे मातीत साठत जाईल. माप वाढवू नका, वेळ सांभाळा.

*प्रश्न : बोर्डो मारलेली मिरी खायला चालते का?*
उत्तर : शेवटची बोर्डो फवारणी सप्टेंबरमध्ये आणि तोडणी डिसेंबरनंतर, म्हणजे मध्ये पुष्कळ अंतर राहते. घोस पिकत आल्यावर मात्र बोर्डो मारू नका.

*प्रश्न : आमचे परडे लहान, दहा वेलांसाठी पंप कुठून आणू?*
उत्तर : वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक पाठीवरचा पंप ठेवावा आणि एकाच दिवशी सगळ्यांनी मारून घ्यावे. यात आणखी एक फायदा आहे. तुम्ही मारलेत आणि वरच्या परड्यातल्या शेजाऱ्याने मारले नाही, तर पावसाच्या पाण्याबरोबर रोग गडग्याखालून तुमच्याकडे येणारच.

जपून वापरा

मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. निळे खडे बघून मुलांना मोह होतो. चुना विरवताना उकळी येते, डोळे सांभाळा. फवारताना हातमोजे घाला, नाका-तोंडावर फडके बांधा, वाऱ्याकडे पाठ करा. पंप विहिरीजवळ किंवा व्हाळात धुऊ नका, तांब्याने मासे मरतात. फवारलेले गवत गुरांना घालू नका. दुकानातून आणलेल्या प्रत्येक औषधाच्या वेष्टनावरची माहिती वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

बंधू-भगिनींनो, परसातली मिरी बहुतेक घरांत बायकांच्या हातची असते. घोस तोडणे, मणी सोडवणे, अंगणात वाळत घालणे, सगळे त्याच करतात आणि त्यातून येणारा पैसा मुलांच्या वह्या-पुस्तकांना, सणाला उपयोगी पडतो. आठ वर्षे जपलेला वेल गेला की पुढची सात-आठ वर्षे ती भरपाई होत नाही. आंब्याच्या हंगामाच्या गडबडीत मे महिना निघून जातो हे मला माहीत आहे. पण त्यातल्या दोन सकाळी या वेलांसाठी काढाच.

रोग ओळखता आला नाही तर वेलाचे पान, शेंडा आणि थोडी मुळे ओल्या फडक्यात गुंडाळून तालुक्याच्या कृषी कार्यालयात घेऊन या, किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना दाखवा. नमुना आणताना तो मेलेल्या वेलाचा नको, नुकत्याच आजारी पडलेल्या वेलाचा आणा. त्यावरून रोग नक्की सांगता येतो.